पेशंट म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आपल्या जिल्ह्याच्या पानावर एक फोटो आला होता. एका रुग्णालयातल्या सुरक्षा सप्ताहाचा. गुडघ्यांत वाकलेले प्रशिक्षक, त्यांच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं आणि समोर खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या गणवेशातल्या मुली. खाली लिहिलं होतं, पाठीच्या दुखापती टाळण्याचं प्रात्यक्षिक. तो फोटो मी कापून ठेवला आहे. खोक्याची वरची झाकणं उघडी होती, त्यामुळे ते रिकामं आहे हे स्पष्ट दिसत होतं.

मी एकतीस वर्षं नर्सिंग केलं. त्यातली चौदा वर्षं पुरुषांच्या ऑर्थो, म्हणजे हाडांच्या वॉर्डात गेली आणि शेवटची सहा नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात. असंच खोकं मीही वर्गात उचलून दाखवलेलं आहे. पाठ ताठ ठेवा, गुडघे वाकवा, वजन अंगाजवळ धरा, उचलताना कमरेत वळू नका. मुली वहीत उतरवून घ्यायच्या, परीक्षेत बरोबर लिहायच्या आणि वॉर्डाची ड्युटी लागली की दोन-तीन महिन्यांत एकेक जण कंबर धरून माझ्याकडे यायची. हे असं का होतं, ते मला फार उशिरा कळलं. फोटोतल्या मुलींना ते आत्ताच कळावं म्हणून लिहिते आहे.

आधी माझं सांगते. २००९ सालचा जून, रात्रपाळी. वॉर्डात बेचाळीस पेशंट, मी एक सिस्टर आणि एक मावशी. वॉर्डबॉय मामांना त्या रात्री कॅज्युअल्टीत बोलावून घेतलं होतं. सतरा नंबरच्या कॉटवर ट्रॅक्टरवरून पडलेला एक गडी होता. मांडीचं हाड मोडलेलं, नडगीत पिन घालून ट्रॅक्शन, म्हणजे पायाला वजनांची ओढ लावलेली. वजन नव्वदच्या पुढे. ट्रॅक्शनच्या पेशंटच्या कॉटला पायाच्या बाजूने लाकडी ठोकळे लावून ती बाजू उंच ठेवतात, म्हणजे पेशंट वजनांच्या ओढीने खाली घसरत नाही. संध्याकाळी फरशी पुसताना ते ठोकळे काढले गेले आणि परत लावायचे राहिले. पहाटे तीनच्या राउंडला बघते तर पेशंट खाली सरकलेला आणि ट्रॅक्शनची वजनं फरशीला टेकलेली. वजनं लोंबती नसली तर ट्रॅक्शनला अर्थच नाही, हाड जागचं हलतं. थांबून चालणार नव्हतं.

मी डाव्या काखेत हात घातला, मावशींनी उजव्या. एक, दोन, तीन म्हणून वर ओढलं. नेमकी त्याच वेळी त्याला पायात कळ आली आणि त्याने दोन्ही हातांनी माझी मान धरली. त्याचं अर्धं अंग माझ्यावर आलं. सोडून देता येत नव्हतं, कारण सोडलं असतं तर तो कॉटच्या कडेला आपटला असता. त्या क्षणी माझी पाठ ताठ होती. गुडघे वाकलेले होते. एक पाय पुढे, एक मागे होता. पुस्तकात लिहिलंय ते सगळं मी केलेलं होतं. आणि तरी कमरेच्या उजव्या बाजूला ओलं कापड फाटावं तसं झालं.

त्याला वर घेतला, ठोकळे लावले, वजनं लोंबती केली. मग सहाची इंजेक्शनं दिली, ड्रेसिंगची ट्रॉली भरली आणि टेबलाला एक हात टेकून रिपोर्ट लिहिला. घरी जाऊन पडले ती तीन आठवडे उठले नाही. ऑर्थोच्याच सरांनी तपासलं. मणका ठीक आहे, स्नायू दुखावलाय, म्हणाले. रजेच्या अर्जासोबत जो अहवाल गेला त्यात वरून एक ओळ लिहून आली, 'चुकीच्या पद्धतीने रुग्ण उचलल्यामुळे'. ती ओळ मला पाठीपेक्षा जास्त दिवस दुखली.

मावशींचा उजवा खांदा गेला होता. त्या कंत्राटावर होत्या. मला निदान पगारी रजा मिळाली, त्यांचा खाडा पडला. आठ-दहा दिवस तशाच आल्या, नंतर यायच्या बंद झाल्या. वर्षभराने मिरजेच्या लक्ष्मी मार्केटात भेटल्या. भाजीची पिशवी डाव्या हातात होती. "सिस्टर, तुमची कंबर बरी हाय का?" हे त्यांनी आधी विचारलं. मग सांगितलं की उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, केस सुनेकडून विंचरून घ्यावे लागतात. त्यांचं नाव कुठल्याच अहवालात नव्हतं.

माझे वडील, अण्णा, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. हळदीची पोती वाहायचे. त्यांच्या उमेदीच्या काळात शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणं ही रोजची गोष्ट होती. अण्णा कुठलंही पोतं अंगावर घेण्याआधी ते कुठल्या मालाचं आहे, किती भरलंय हे बघायचे, हाताने हलवून अंदाज घ्यायचे. चढवणारे दोघे तेच ठरलेले असायचे. त्यातला एक आला नाही तर अण्णा पहिला तास पोत्याला हात लावायचे नाहीत. पुढे १९६९ साली माथाडी कायदा आला, संघटना उभ्या राहिल्या आणि पन्नास किलोच्या वर पोतं नको, अशी मागणी हमालांनी लावून धरली. म्हणजे पाठ वाचवायची तर हमालाला कसं वाकायचं ते शिकवून भागत नाही, पोतं हलकं करावं लागतं, हे हमालांना कळलेलं होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यातही कलम ३४ होतं. दुखापत होईल इतकं जड ओझं कामगाराला उचलायला लावू नये, असं त्यात लिहिलेलं. पोत्याचं वजन ठरलेलं असतं. त्याला आकडा लावता येतो. आणि पोतं अर्ध्या वाटेत घाबरून हमालाची मान धरत नाही. आमच्या हातातल्या ओझ्याला धरायला जागा नसते, ते मध्येच वळतं, त्याला दुखतं, त्याला लाज वाटते, कधी शुद्ध नसते. आणि ते किती जड असावं याला आमच्या वॉर्डात कुणी हद्द घातलेली नाही.

शिकवायला लागल्यावर 'बॉडी मेकॅनिक्स'चा, म्हणजे काम करताना अंग कसं ठेवावं याचा तास माझ्याकडे आला. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिला म्हटलं, या विषयावर जगात काय संशोधन झालंय ते मला काढून दे, मी डिक्शनरी घेऊन वाचते. सहा-सात महिने रोज रात्री तासभर ते वाचलं. वाचताना पुष्कळदा कागद बाजूला ठेवून नुसती बसून राहिले.

१९९७ साली अमेरिकेत टपाल खात्याच्या सुमारे चार हजार कामगारांवर झालेला एक मोठा प्रयोग छापून आला. काही तुकड्यांना पाठ जपण्याचं रीतसर प्रशिक्षण दिलं, काहींना दिलं नाही आणि पाच वर्षांहून अधिक काळ दोघांकडे लक्ष ठेवलं. प्रशिक्षण घेतलेल्यांना सुरक्षित पद्धतींची माहिती जास्त होती, पण त्यांच्या पाठीच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. २००८ साली फिनलंडच्या संशोधकांनी तोवर झालेले असे सगळे प्रयोग एकत्र मांडले. त्यातले बरेचसे नर्सेसवर झालेले होते. निष्कर्ष तोच. उचलण्याचं तंत्र शिकवल्याने पाठदुखी टळते, याला पुरावा नाही. नुसतं उचलायचं यंत्र आणून दिलं आणि तास घेतला, तरी पुरावा हाती लागत नाही, हेही त्यांनी लिहिलंय. ते वाचून मला वाईट वाटलं, पण खरंच लिहिलंय. आमच्याकडेही पेशंट उचलायचं असं एक यंत्र, हॉइस्ट, आलं होतं. ते स्टोअरच्या कुलपात राहिलं आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते पाचला घरी जायचे.

आणि कमरेचा पट्टा. पट्टा बांधा म्हणून आम्हाला किती जणांनी सांगितलं असेल. २००० साली अमेरिकेतल्या १६० दुकानांत माल उचलणाऱ्या नऊ हजारांवर कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टा रोज बांधणारे आणि न बांधणारे यांच्या पाठदुखीत फरक सापडला नाही. एखाद्याला दुखावलेल्या पाठीवर डॉक्टरांनी पट्टा दिला असेल तर तो भाग वेगळा. पण धडधाकट माणसाला पट्टा दिला की त्याची पाठ सुरक्षित झाली, असं समजून पुढचं काही करायचं नाही, हे चूक आहे.

तंत्र शिकूनही पाठ का दुखावते, याचं उत्तर मला अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या १९९९ च्या एका अभ्यासात सापडलं. तिथे लोकांच्या अंगाला मोजणारी उपकरणं लावून, पेशंट हलवताना कण्यावर किती दाब पडतो ते मोजलं. पेशंट म्हणून सहकार्य करणारी व्यक्ती होती, बेशुद्ध नाही, प्लास्टर घातलेली नाही. तरी एकट्याने उचलण्याच्या सगळ्या पद्धती धोक्याच्या ठरल्या. दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून ओढणं त्यातल्या त्यात बरं होतं, पण तेही पुरेसं सुरक्षित म्हणता येईल असं नव्हतं. म्हणजे आम्ही वर्गात ज्याला बरोबर पद्धत म्हणतो, ती बरोबर केली तरी कमरेवरचं ओझं कमरेला झेपण्यापलीकडचं आहे. हे मी वाचलं तेव्हा २००९ ची ती ओळ डोळ्यांसमोर आली. चुकीच्या पद्धतीने उचलल्यामुळे. पद्धत चुकली नव्हती.

२००७ साली तिकडच्याच एका शास्त्रज्ञाने पेशंटच्या बाबतीत हाताने उचलण्याची हद्द आकड्यात मांडली. सगळं अनुकूल असताना, म्हणजे पेशंट ऐकतोय, वजन अंगाजवळ आहे, वळावं लागत नाही, अशा वेळी ३५ पाउंड, म्हणजे जेमतेम १६ किलो. माणसाच्या एका पायाचं वजन त्याच्या एकूण वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकं असतं. शंभर किलोच्या माणसाचा एक पाय म्हणजेच सोळा किलो. ऑर्थो वॉर्डात ड्रेसिंग चालू असताना डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, पाय जरा वर धरा." वर प्लास्टर असतं ते वेगळं. आणि हात लांब करून पाच-पाच मिनिटं तो पाय आम्ही धरून उभ्या राहतो.

आता स्नायूंबद्दल जे समजलं ते सांगते, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. रायगड जे पायऱ्यांनी चढून-उतरून आलेत त्यांना हे चटकन पटेल. चढताना दम लागतो, घाम निघतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिन्याचा कठडा धरावा लागतो, ते चढण्याने नाही, उतरण्याने. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला अंगाचं वजन आवरून धरायचं असतं. आखडताना लागणाऱ्या जोरापेक्षा ताणलं जाताना आवरून धरायला लागणारा जोर स्नायूला जास्त दुखावतो. पेशंट पडता पडता धरणं, खाली घसरणारा माणूस थोपवणं, हा सगळा त्या उतरण्यातलाच प्रकार आहे, आणि तोही अचानक, सूचना न देता. माझी मान त्याने धरली तेव्हा माझ्या पाठीच्या स्नायूचं हेच झालं.

पण यातच एक मोठी आशेची गोष्ट आहे. महिन्याभराने परत रायगड उतरा, मांड्या पहिल्याइतक्या दुखत नाहीत. स्नायूला एकदा थोडा ताण दिला की तो पुढच्या ताणाला तयार होतो, आणि ही तयारी आठवडेच्या आठवडे टिकते. म्हणून स्नायू जपायचा म्हणजे त्याला कापसात ठेवायचं नाही. हळूहळू, बेताबेताने बळकट करायचा. फुटबॉल खेळणाऱ्यांच्या मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक व्यायाम आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि अंग सावकाश पुढे झुकवत न्यायचं. तो नेमाने करणाऱ्या संघांत त्या स्नायूच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्याचं अभ्यासांनी दाखवलंय. खेळाडूंच्या स्नायूंसाठी एवढा विचार होतो. आमच्या मावश्यांच्या स्नायूंसाठी का होऊ नये?

डेन्मार्कमध्ये झालेला आहे, आणि तोच अभ्यास मला सगळ्यांत जवळचा वाटतो. तीन रुग्णालयांतल्या अठरा विभागांमधल्या दोनशे महिला कर्मचारी. निम्म्या विभागांतल्या बायकांनी दहा आठवडे, आठवड्यातून पाच वेळा, दहा-दहा मिनिटं व्यायाम केला. तोही ड्युटीच्या वेळेत, कामाच्याच ठिकाणी, सोबतिणींबरोबर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. रबरी पट्टे ओढायचे, छोटी वजनं उचलायची. बाकीच्यांना व्यायाम दिला, पण घरी जाऊन आपल्या वेळेत करा म्हणून सांगितलं. कामाच्या ठिकाणी करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं, पाठीची ताकद वाढली. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं.

याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. सकाळच्या ड्युटीची बाई साडेपाचला उठून डबे करते, दुपारी घरी पोचते तेव्हा भांडी वाट बघत असतात. तिला 'घरी रोज व्यायाम करा' असं लिहून देणं म्हणजे तिने तो न केल्याचा दोषही तिच्याच माथी मारण्याची सोय आहे. दहा मिनिटं ड्युटीतली द्या. पाळी बदलताना दोन्ही पाळ्या वॉर्डात असतात, तेव्हाची द्या.

सुईच्या बाबतीत हे आपण बरोबर केलं, म्हणून मला हे सांगायचा धीर होतो. मी नोकरीला लागले तेव्हा वापरलेल्या सुईला टोपण परत लावायची पद्धत होती, आणि टोचली की म्हणायचे, लक्ष कुठे होतं? आज टोपण परत लावायचं नाही असा नियम आहे, हाताशी नीडल कटर आहे, आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुयांसाठी पांढरा, न भोसकला जाणारा डबा आहे. नुसतं 'जपून' म्हणत बसलो नाही. कामाची रीत बदलली, हातात वस्तू दिली, आणि ती वस्तू कशी वापरायची याचं प्रशिक्षण दिलं. तसलं प्रशिक्षण हवंच. पाठीच्या बाबतीत मात्र आपण अजून 'जपून'वरच अडकलो आहोत.

परदेशात पाठीच्या बाबतीत हे होऊन किती वर्षं झाली! ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनी मालकावर जबाबदारी टाकली की धोक्याचं उचलणं शक्य तिथे मुळात टाळायचं, टाळता येत नसेल तर आधी धोका तपासायचा आणि कमी करायचा. माझी एक विद्यार्थिनी तिकडे नोकरीला आहे. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. "मॅडम, मी सवयीने पेशंटच्या काखेत हात घातला तर मला थांबवलं. मला वाटलं माझं काही चुकलं. तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, तुझी पाठ आणि तिचा खांदा, दोन्हींना इजा होईल." तिचा खांदा. काखेत हात घालून ओढल्याने पेशंटच्या खांद्याला इजा होते, विशेषतः अर्धांगवायूच्या पेशंटच्या लुळ्या बाजूला. म्हणजे आमची पाठ वाचली तर पेशंटही वाचतो.

खर्चाचं कारण पुढे येईल. अमेरिकेतल्या सहा शुश्रूषागृहांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास व्यवस्थापनाने जरूर वाचावा. १,७२८ कर्मचारी, उपाययोजनेच्या आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन. उचलायची यंत्रं, हाताने उचलायचं नाही असा लेखी नियम आणि यंत्र वापरण्याचं प्रशिक्षण, हे तिन्ही एकत्र आणलं. पेशंट हलवताना होणाऱ्या दुखापती कमी झाल्या, रजेचे दिवस कमी झाले, भरपाईचा खर्च कमी झाला. घातलेला पैसा तीन वर्षांच्या आत वसूल झाला. आपल्याकडे अशी भरपाई बहुधा दिलीच जात नाही म्हणून तो खर्च कुणाच्या वहीत दिसत नाही. तो मावशींच्या घरी दिसतो.

माणसांचंही बोलायला हवं. शिकाऊ रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष मी मुलींना शिकवत होते. बेचाळीस पेशंटना एक सिस्टर असताना 'चौघांनी मिळून उचला' असं भिंतीवर चिकटवून काय होणार? उरलेले तिघे कुठून आणायचे? मग नातेवाइकांना हाक मारतो. तो मुलगा दिवसभर शेतात राबून आलेला असतो, त्याच्याही कमरेची वाट लागते.

नातेवाइकांसाठीही चार शब्द लिहिते, कारण घरोघरी अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत आणि त्यांचं करणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. आजोबांना गादीवर वर सरकवायचं असेल तर आधी डोक्याकडची बाजू सपाट करा. उशी काढून वरच्या कठड्याला उभी लावा. त्यांना विचारा, जमेल तेवढी मदत कराल का? चांगला पाय गुडघ्यात वाकवून टाच गादीत रुतवायला सांगा, हनुवटी छातीला लावायला सांगा आणि तुम्ही 'आता' म्हणाल तेव्हा टाचेने रेटायला सांगा. एवढ्याने बरंच ओझं कमी होतं. काखेत हात घालू नका, खालची चादर धरा, आणि उचलू नका, सरकवा. माणूस उभा करताना पडायला लागला तर त्याला हवेत तोलून धरायचा प्रयत्न करू नका, अंगाजवळ घेऊन सावकाश जमिनीवर बसवा.

आणि कंबर धरलीच, तर माझ्यासारखे तीन आठवडे पडून राहू नका. हेलसिंकी शहराच्या १८६ नोकरदारांवर १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. ताज्या कंबरदुखीत जे सोसवेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लोक अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. मी पडून राहिले आणि उठले तेव्हा पाठीत पूर्वीचं बळ राहिलेलं नव्हतं. मात्र पायातली शक्ती जाते आहे, जांघेत बधिरपणा आलाय, लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, असं काही वाटलं तर एक दिवसही घरी काढू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा.

रुग्णालयांच्या व्यवस्थापनाला माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या मार्चमध्ये प्रशिक्षण ठेवाल तेव्हा सभागृहात नको, वॉर्डात ठेवा. खऱ्या कॉटवर, खऱ्या माणसाला झोपवून. कंत्राटी मावश्यांना आणि मामांना पहिल्या ओळीत उभं करा, कारण सगळ्यांत जास्त तेच उचलतात आणि आजवर खुर्च्या मांडून ते बाहेर उभे राहिलेत. प्रत्येक कॉटचा हँडल चालतो का ते बघा. कमरेइतकी वर येणारी कॉट निम्मं काम करते, आणि त्या हँडलची दुरुस्ती किरकोळ खर्चाची आहे. हॉइस्ट असेल तर ते कुलपातून काढा. आणि कुणाला दुखापत झाली तर अहवालात पद्धतीबद्दल लिहिण्याआधी एवढं लिहा: पेशंटचं वजन किती होतं, उचलायला किती जण होते, कॉट किती उंचीवर होती, जवळ कुठलं साधन होतं.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर आजपासून करता येईल अशी एक वस्तू सांगते. परदेशात पेशंट सरकवायला निसरड्या कापडाची नळी वापरतात, स्लाइड शीट म्हणतात तिला. विकतची महाग वाटली म्हणून आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडून मी तशी शिवून घेतली होती. छत्रीचं किंवा पॅराशूटचं म्हणून मिळतं ते गुळगुळीत नायलॉनचं कापड घ्यायचं, पाऊण मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब. लांबीची दोन टोकं एकमेकांना जोडून दुहेरी शिवण मारायची, की सव्वा मीटरची सपाट नळी होते. गुळगुळीत बाजू आतून यायला हवी. पेशंटला कुशीवर वळवून ती खांद्यापासून मांडीपर्यंत खाली घालायची, नळीची उघडी तोंडं कॉटच्या दोन्ही कडांना. वर नेहमीची ड्रॉशीट, म्हणजे पेशंटखाली घालायची आडवी चादर. मग दोघांनी दोन बाजूंनी ड्रॉशीट धरून वर सरकवलं की कापडावर कापड घसरतं, आणि पेशंटची कातडीही घासत नाही. काम झालं की नळी लगेच काढायची, खाली ठेवली तर पेशंट त्यावरून घसरतो. मणक्याला किंवा खुब्याला मार असलेल्या पेशंटला डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायची नाही. एका पेशंटची दुसऱ्याला धुतल्याशिवाय नाही. मी एका वॉर्डासाठी सहा शिवून घेतल्या होत्या. निवृत्त झाले तेव्हा त्यातल्या चार अजून धुण्यातून परत येत होत्या.

आपली नम्र,
एक निवृत्त वॉर्ड सिस्टर,
मिरज